अकरावी फ्लॉपी

भंगारवाल्याची गाडी चार वाजता येणार होती. फिटर कारखान्यात पोचला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

निवृत्त होऊन त्याला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं, आणि सहज म्हणून तोही फिरकला नव्हता. काम नसताना कारखान्यात जाणारा माणूस दुसऱ्याच्या कामात लुडबुडतो, असं त्याचं मत. आज बोलावलं होतं ते वहिनीने. पाइप वाकवायच्या मशीनचा कॉम्प्युटर दोन दिवसांपूर्वी बंद पडला होता. आतली डिस्क दगडावर पत्रा घासावा तसा आवाज करून गप्प झाली होती.

हे मशीन आधी फिटरचा थोरला भाऊ चालवायचा. तो गेल्यावर मालकांनी त्याच्या बायकोला घेतलं आणि फिटरने चार महिने शेजारी उभं राहून तिला शिकवलं. त्याला चौदा वर्षं झाली. चाकांच्या खुर्चीच्या सांगाड्याचा पाइप ती असा वाकवायची, की गेजवर, म्हणजे मापाच्या साच्यावर, नुसता सोडला तर आपल्या वजनाने बसावा. पण तिला येत होतं ते हे एकच मशीन. गुडघा कामातून गेलेला, पॅकिंगला दिवसभर उभं राहणं जमण्यासारखं नव्हतं. मालकांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं: आज चारपर्यंत सुरू झालं नाही तर मशीन भंगारात, आणि मशीन गेलं की तुमच्यासाठी दुसरी जागा नाही. तिच्या निवृत्तीला अजून तीन वर्षं होती.

"काल बाजारातला कॉम्प्युटरवाला येऊन गेला," वहिनी म्हणाली. "झाकण उघडलं आणि हसत सुटला. म्हणतो, मावशी, हा वयाने माझ्यापेक्षा मोठा आहे, मी याच्या अंगाला हात कसा लावू?"

"हसायला त्याचं काय जातंय. नवी सिस्टीम घालतो म्हणाला असेल."

"नवी यावर चढत नाही आणि जुनी त्याच्याकडे नाही. आमच्या भाऊजींनी जुन्या फ्लॉप्या जपून ठेवल्यात म्हटलं, तर म्हणाला, मग भाऊजींनाच बोलवा."

"बोलावलंत ना? आता ते स्टूल द्या इकडे."

त्या काळची सिस्टीम अकरा फ्लॉप्यांवर यायची. तळहाताएवढे काळे चौकोन. पहिलीपासून अकरावीपर्यंत एकामागून एक घालायच्या, कॉम्प्युटर मागेल तशी. पाइप वाकवायचा प्रोग्राम मशीनच्या पॅनेलमध्ये वेगळ्या कार्डावर होता, तो शाबूत होता. म्हणजे काम एवढंच: दुसरी डिस्क बसवायची आणि तिच्यावर सिस्टीम चढवायची. डिस्क वहिनीने ऑफिसच्या अडगळीतून आधीच शोधून आणली होती.

फ्लॉप्या त्याच्या जुन्या कपाटात होत्या, मापांच्या कप्प्यात. कारखान्यातली सगळ्यात सुरक्षित जागा तीच. मायक्रोमीटर, डायल, गेज, सगळं तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं. त्या कप्प्याला तो स्वतःशिवाय कुणाला हात लावू देत नसे. त्याने कप्पा ओढला. फ्लॉप्यांचा डबा जागेवर होता. डब्याला टेकून, माप घेताना डायल ज्यावर बसवतात तो मॅग्नेट उभा होता.

त्याने मॅग्नेट उचलायला हात घातला. तो उचलला जाईना. कप्प्याच्या पत्र्याला घट्ट चिकटला होता.

म्हणजे खटका चालू.

या मॅग्नेटला बाजूला खटका असतो. कामाला लावताना चालू करायचा, ठेवताना बंद करायचा. खटका चालू ठेवून मॅग्नेट कप्प्यात टाकणाऱ्याला फिटरने उभ्या जन्मात सोडलं नव्हतं. आणि निवृत्तीच्या दिवशी या मॅग्नेटवर शेवटचं माप घेतलं होतं ते त्यानेच. त्या दिवशी लोक भेटायला थांबले होते. हात पुसता पुसता त्याने तो कप्प्यात टाकला असणार.

आणि मॅग्नेट फ्लॉपी पुसतो. हे त्यानेच वहिनीला शिकवलं होतं.

डब्यात फ्लॉप्या क्रमाने लावल्या होत्या. पहिली पलीकडच्या टोकाला. अकरावी मॅग्नेटला खेटून.

"मिळाल्या का?" वहिनीने विचारलं.

"मिळाल्या," तो म्हणाला, आणि कप्पा लावून टाकला.

डिस्क बसवायला पाऊण तास गेला. तिचे स्क्रू या सांगाड्याला जुळत नव्हते, दोन भोकं कानशीने लांबवावी लागली. मग डिस्कच्या पाठीवरचे आकडे कॉम्प्युटरला एकेक करून सांगितले. मग डिस्क कोरी करायला लावली. सव्वा तास पडद्यावर टक्के सरकत राहिले. वहिनीने डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्याने दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं.

"भाजी बिघडलीय?"

"नाही."

"मग तोंड का असं केलंय?"

"कामावर आहे मी."

दीड वाजता पहिली फ्लॉपी घातली. ड्राइव्ह कुरकुरला, दिवा लागला, पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली. दुसरी. तिसरी. प्रत्येकीला आठ-दहा मिनिटं. पाचवीला वहिनी स्टूलवरून उठून मागे उभी राहिली. सहावीला ती गुणगुणायला लागली.

"नका," फिटर म्हणाला.

"माझ्या गाण्याने बंद पडणार आहे का ते?"

"मला आवाज ऐकायचाय."

सातवी सुरळीत गेली. आठवीला ड्राइव्हचा आवाज बदलला. फ्लॉपी वाचणारं आतलं डोकं पुढे जायचं, थांबायचं, परत मागे यायचं. पडद्यावर संदेश आला: वाचता येत नाही. पुढे तीन पर्याय. पुन्हा वाचू, सोडून पुढे जाऊ, की थांबू? थांबलं की सगळं पहिल्यापासून. त्याने 'पुन्हा' दाबलं. गेली.

नववीला तीनदा दाबावं लागलं. त्याने ड्राइव्ह उघडला, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने आतलं डोकं पुसलं आणि पुन्हा बसवला. कापूस पांढराच निघाला. म्हणजे दोष ड्राइव्हचा नव्हता.

मालक डोकावले. "काय फिटर, उठतोय का म्हातारा?"

"बघतोय."

"तुमचं बरं आहे, सगळं जपून ठेवता. दुसरा कुणी असता तर त्या फ्लॉप्या कधीच कचऱ्यात गेल्या असत्या." त्यांनी घड्याळ पाहिलं. "चारपर्यंत बघा. गाडीवाला थांबणार नाही."

दहावीला त्याने अकरा वेळा 'पुन्हा' दाबलं. प्रत्येक वेळी मनात आकडा मोजला. बाराव्याला गेली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

अकरावीची पट्टी अर्ध्यावर जाऊन थांबली. वाचता येत नाही. पुन्हा. पुन्हा. फ्लॉपी बाहेर काढून मधली चकती बोटाने जरा फिरवली, परत घातली. पुन्हा. पंचविसाव्याला त्याने हात खाली घेतला. मानेवरून घामाचा ओघळ शर्टात उतरला.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "सकाळी कप्पा उघडल्यापासून तुम्ही काहीतरी गिळून बसलाय. ओका आता."

"मॅग्नेट डब्याला लागून होता. खटका चालू होता."

वहिनीने वळून कपाटाकडे पाहिलं.

"मीच ठेवला. तीन वर्षांपूर्वी."

"त्या खटक्यावरून तुम्ही दोनदा माझ्यावर ओरडला होतात. चार माणसांत."

"तीनदा," फिटर म्हणाला.

तिने पदराने तोंड पुसलं. मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हे 'सोडून पुढे जाऊ' दाबलं तर?"

"काय सुटलं ते कळायचं नाही. एक बोल्ट न लावता मी आजवर झाकण बसवलेलं नाही, वहिनी."

"आज बसवा. नाहीतर सगळे बोल्ट लावलेलं झाकण भंगारात जाणार आहे."

त्याने खिशातून कागद काढला. अडलेल्या फाइलीचं नाव पडद्यावर दिसत होतं. ते त्याने जसंच्या तसं उतरवून घेतलं, मग 'सोडून' दाबलं. पट्टी सरकली. दोन मिनिटांनी परत थांबली. दुसरं नाव उतरवलं, दाबलं. अशी सात नावं झाली. चार प्रिंटरची वाटत होती. हे मशीन प्रिंटरशिवायच चालायचं. एक चित्रांचं. दोन कशाची ते त्याला सांगता येईना. तीच दोन तो पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

पावणेचारला पडदा काळा झाला. वरच्या कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकत राहिली. वहिनीने टेबलाची कड धरली. रेघ लुकलुकतच राहिली. बाहेर फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. गाडी वेळेआधी आली होती.

मग पडदा उजळला. अक्षरं वाकडी होती, रंग विटलेले होते, पण सिस्टीम उभी राहिली. वहिनीने मशीनचा प्रोग्राम उघडायला घेतला. उघडला. तिने पाइप लावला, पेडल दाबलं. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. पाइप काढून तिने गेजवर सोडला. बसला.

ती गुडघा धरून स्टुलावर टेकली.

मालक आले ते भंगारवाल्याला घेऊनच. त्यांनी गेजवरचा पाइप पाहिला, हलवून पाहिला. "वा! शेवटी तुमच्या जपणुकीनेच तारलं."

इथे गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. वहिनीचे डोळे त्याला तेच सांगत होते.

"तारलं नाही," फिटर म्हणाला. "अकरावी फ्लॉपी माझ्या चुकीने गेली. सात फाइली सोडून सिस्टीम चढवलीय, ही घ्या नावं. बाकीच्या फ्लॉप्याही पुन्हा वाचल्या जातील याचा भरवसा नाही."

मालकांनी कागद घेतला, पण वाचला नाही. "मग हे चालणार किती?"

"आज चालतंय. डिस्क जुनी आहे. दोन वर्षं काढेल, नाहीतर महिन्यात बसेल. अशीच दुसरी डिस्क द्या, मी हिची हुबेहूब नक्कल करून ठेवतो. मग बसली तरी अर्ध्या तासात बदलता येईल."

"मग उद्या करा." मालकांनी कागदाची घडी घालून खिशात टाकली. "नक्कल होऊन मशीन तिच्यावर चालताना मी बघितलं, तर मशीन राहील. नाही झाली, तर परवा गाडी परत येईल. आज यांना तो जुना कॉम्प्रेसर देतो."

ते दोघे गेले. वहिनीने गेजवरचा पाइप उचलून बाजूला ठेवला, जरा जोरातच.

"हे खरं बोलणं गाडी गेल्यावर नसतं का चाललं?"

"नसतं चाललं."

"तुमचे दादा अगदी असेच होते. जीव खायचे माझा." तिने दुसरा पाइप घेतला आणि त्याचं टोक फडक्याने पुसलं. "उद्या किती वाजता येताय?"

"आठला."

"सातला या. आठला माझी शिफ्ट सुरू होते, मग मशीन मोकळं मिळायचं नाही."

फिटर अडगळीच्या खोलीकडे निघाला. तिथे पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरांमध्ये तशीच दुसरी डिस्क आहे का, ते आत्ताच बघायला हवं होतं.