डावीकडची सीट

स्लायगोमधल्या आमच्या घरापुढे बाबा भर पावसात गुडघे टेकून बसले आहेत, कानटोपीतून पाणी ठिबकतं आहे, हातात लोखंडी साखळी आहे आणि ती ते गाडीच्या पुढच्या चाकावर चढवू पाहताहेत... बर्फ कुठेच नाही. बर्फ आहे समुद्रापलीकडे, फ्रान्सच्या डोंगरांत, आणि तिथे पोहोचायला अजून तीन आठवडे अवकाश आहे. आई त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी आहे, मी फोनवर वेळ लावते आहे. ओल्या रबराचा वास, शेजारच्या धुराड्यातून येणारा टर्फचा धूर – दलदलीतून कापून वाळवलेल्या काळ्या मातीचा, जिभेवर चव ठेवून जाणारा – आणि आमच्या स्वयंपाकघरातून बेसन भाजल्याचा दरवळ. "किती झाली?" बाबा विचारतात. "अठरा मिनिटं." "छे! सात मिनिटांत जमलं पाहिजे. तिकडे बोटं गोठतात." शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणापलीकडून बराच वेळ बघत होते. ते म्हणाले, "यू विल बी ग्रँड." आयर्लंडमध्ये घराला आग लागली तरी लोक ग्रँडच म्हणतात, म्हणजे सगळं ठीक.

मी तेव्हा अकरा वर्षांची. वर्गातल्या निम्म्या मुली फेब्रुवारीच्या सुट्टीत स्कीइंगला जायच्या आणि परत आल्यावर त्यांच्या नाकावर गॉगलची पांढरी खूण असायची. मला ती खूण हवी होती, बाकी बर्फाशी मला काही देणंघेणं नव्हतं. बाबा एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनीअर, आई तिथल्या मोठ्या रुग्णालयात डॉक्टर. आईच्या रात्रपाळ्या, बाबांच्या याद्या आणि माझा हट्ट या तिन्हींवर आमचं घर चालायचं. मी हट्ट इंग्रजीत करायची, आई मराठीत नकार द्यायची. त्या वर्षी मात्र बाबांनीच मनावर घेतलं.

विमानाने का नाही, तर तिकिटाबरोबर सामानाचे पैसे, तिथे उतरून पुन्हा डोंगरापर्यंत बसचे पैसे, आणि वर डोंगरावर वाटीभर सूपच्या किमतीत आपल्याकडे आठवड्याची भाजी येते म्हणून. गाडी नेली की सगळं घरून नेता येतं, हा बाबांचा सिद्धांत. मग सुरू झाली ती खरेदी – आणि नमनालाच घडाभर तेल! थंडीचे टायर डब्लिनहून मागवले, कारण स्लायगोत दुकानदाराने "कशाला?" असं विचारलं. हेडलाइटच्या काचेवर चिकटवायच्या काळ्या पट्ट्या आणल्या, नाहीतर आपल्या दिव्यांचा झोत तिकडे समोरच्याच्या डोळ्यांत जातो. तिघांना तीन पिवळी जाकिटं, ती डिकीत नव्हे, हाताशी; लाल त्रिकोण; न गोठणारं काच धुण्याचं पाणी; विम्याचं पत्र, गाडी बंद पडली तर ओढून आणण्याचा वेगळा विमा, बोटीचं तिकीट, टपावरची पेटी. वरच्या डोंगरात इकडचं डिझेल घट्ट होतं, म्हणून टाकी जवळजवळ रिकामी करत जायचं आणि चढ लागण्याआधी तिथलंच भरायचं, हेही त्यांनी कुठूनतरी वाचून काढलं होतं. शेवटी बेरीज केली तर विमान स्वस्त पडलं असतं. "पण गाडीची मजा वेगळी," बाबा म्हणाले. आईने कुकर डिकीत ठेवला.

या सगळ्यात आईला एक काम मिळालं होतं, आणि ते फार महत्त्वाचं होतं. आपली गाडी इकडची, स्टिअरिंग उजवीकडे. फ्रान्समध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं, आणि टोलची खिडकी येते डाव्या हाताला, म्हणजे चालवणाऱ्याच्या नव्हे तर शेजारच्याच्या बाजूला. ट्रकच्या मागे अडकलं की पुढचा रस्ता मोकळा आहे का, तेही डाव्या सीटवरच्यालाच आधी दिसतं. तेव्हा टोल भरायचा आईने, वाकून रस्ता बघायचा आईने, आणि "हं, आता जा" म्हणायचं तेही आईनेच. बाबांनी त्याची रंगीत तालीम घेतली होती, बैठकीतल्या सोफ्यावर, दोन खुर्च्यांचा ट्रक करून. "घाईने 'जा' म्हणायचं नाही, मेधा. आधी नीट बघायचं." "श्री, मी माणसांची पोटं उघडते," आई म्हणाली, "रस्ता बघायला जमेल मला." आदल्या रात्रीची पाळी करून ती आली होती. डोळे चुरचुरत होते तिचे, आणि तरी खुर्च्यांच्या ट्रकमागे ती अर्धा तास बसली.

आता एक भानगड सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. बाबांनी आणि मी आदल्याच वर्षी आयरिश पासपोर्ट घेतला होता. आईने भारताचा सोडला नव्हता. "बघू गं पुढच्या वर्षी," म्हणायची आणि विषय बदलायची. त्यामुळे फ्रान्सला जायला तिला व्हिसा लागायचा. तो होता, एका परिषदेच्या निमित्ताने काढलेला, चांगला लांब मुदतीचा. पण मधल्या काळात पासपोर्ट नवा झाला आणि व्हिसा राहिला जुन्यात – रद्द झालेल्या, कोपरा कापलेल्या. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना हे पाठ असतं, नवा आणि जुना रबरबँडने एकत्र बांधायचे आणि जोडीनेच न्यायचे. आमच्याकडे मात्र रबरबँड निघाला होता कुठल्यातरी फॉर्मसाठी, आणि जुना पासपोर्ट स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये – इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आम्हीही म्हणू लागलो होतो – मसाल्यांच्या बरण्यांमागे पडून राहिला.

रॉसलेअरचं बंदर म्हणजे देशाचं दुसरं टोक. तिथे तिकिटाच्या खिडकीतल्या बाईने तीन पासपोर्ट घेतले, आईचा पानापानाने चाळला, पुन्हा चाळला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "हिचा व्हिसा कुठे आहे, लव्ह?" आईने पर्स उघडली, सगळी उलटी केली, पेनं, रुमाल, स्टेथोस्कोपचं रबर... "घरी राहिला," ती म्हणाली. बाबांनी कपाळाला हात लावला. हेडलाइटच्या पट्ट्या आल्या, त्रिकोण आला, आणि बायकोचा व्हिसा मसाल्यांमागे! घरी जाऊन परत यायचं तर बोट सुटून जाणार, आणि पुढची दोन दिवसांनी. तोवर तिकडची खोली, स्कीइंगचा वर्ग, सगळ्याचे पैसे गेलेच असते.

आम्ही गाडी बाजूला घेतली. वाऱ्याने दार उघडता येत नव्हतं. बाबा म्हणाले, "चला परत. आपण तिघं मिळूनच जाऊ कधीतरी." आई म्हणाली, "वेडेपणा करू नकोस. तुम्ही दोघं जा. मी बसने डब्लिन, तिथून ट्रेन. रजा आहेच, झोप काढते." "असं कसं तुला टाकून?" "टाकून काय, मी सामान आहे का?" मग बाबा मागे वळून मला म्हणाले, "सई, तू सांग." असा प्रश्न अकरा वर्षांच्या पोरीला विचारतात का? पण विचारला. आणि मी, एक क्षणही न थांबता, म्हणाले, "लेट्स गो."

आई हसली, तिने आपली छोटी बॅग घेतली, लाडवांचा एक डबा मला दिला आणि एक स्वतःकडे ठेवला, आणि डावीकडची सीट रिकामी केली. मी मागून उतरून तिथे बसले. तिच्या शालीला लागलेला रुग्णालयाच्या साबणाचा वास सीटला होता. गाडी बोटीच्या रांगेत शिरली तेव्हा ती वाऱ्यात उभी राहून हात हलवत होती, ओढणी तोंडावर येत होती आणि ती पुन्हा पुन्हा बाजूला करत होती. मी हात हलवला, पण लगेच समोर बघू लागले, कारण बोटीचं भलंमोठं तोंड उघडत होतं.

आणि पुढचा आठवडा... काय सांगू. फ्रान्सच्या किनाऱ्यावर शेरबूरला उतरल्यापासून डोंगरापर्यंत, मधली एक रात्र सोडली तर, आम्ही पळतच होतो. टोल आला की मी काच खाली करायची, बर्फासारखा वारा आत घुसायचा, कार्ड धरलेली बोटं लाकडासारखी व्हायची, आणि मागचा माणूस हॉर्न द्यायच्या आत दांडा वर गेला की बाबा "शाब्बास!" म्हणायचे. ट्रकमागे मी खिडकीला गाल लावून बघायची. "थांबा बाबा... थांबा... हं, जा!" आणि ते जायचे. दुसऱ्यांदा विचारायचे नाहीत. जगातल्या प्रत्येक गोष्टीची दोनदा खात्री करणारा माणूस माझ्या एका "जा" वर समोरच्या रस्त्यात गाडी घालत होता. साखळ्या एकदाच लावाव्या लागल्या, अकरा मिनिटं लागली, आणि त्यांच्या एका बोटाची साल निघाली. बर्फावर ते असे पडले, असे पडले, की लहान पोरं थांबून बघायची. मग तेच आडवे पडून खदाखदा हसायचे. बाबांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. रात्री कुकरात खिचडी लावायची, किती शिट्ट्या ते दोघांनाही ठाऊक नसायचं. आईचा रोज संध्याकाळी फोन यायचा, "मी ठीक आहे, तुम्ही जेवलात का?" एवढाच. खरं सांगते, मला तिची आठवण फारशी आली नाही. तिची सीट मला फार आवडली होती.

परत आलो तेव्हा घर लख्ख होतं, वरणभात तयार होता, आणि माझ्या नाकावर गॉगलची खूण होती. ती आठवड्याभरात गेली. ते "लेट्स गो" मात्र गेलं नाही. कॉलेजात, पुढे नोकरीत, कुठल्याही विमानतळावर कुणी हात हलवताना दिसलं की ते पुन्हा ऐकू यायचं... मी माझ्या आईला बंदरावर सोडून गेले होते, आणि तेही आनंदाने. त्यानंतर आम्ही पुन्हा असे कधी गेलो नाही. दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणत राहिलो. आईने आयरिश पासपोर्ट घेतला. बाबा तीन वर्षांपूर्वी, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसल्याबसल्याच गेले. हृदय.

मी आता डब्लिनच्या सिटीवेस्टला राहते, आई स्लायगोच्या घरी एकटी, आणि माझा पाय एका जागी ठरत नाही, हे आईचं म्हणणं. या जानेवारीत एका रविवारी स्लायगोला गेले ती लॅपटॉप घेऊनच. बोटीचे दर, टायर, विमा, खोली, सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. आई टेबलाशी फरसबी मोडत होती.

"आई, फेब्रुवारीत जाऊया? आपण दोघी. गाडी मी चालवते."

"कुठे?"

"बर्फात. तुझं राहिलंय ना."

"माझं काही राहिलेलं नाही. गुडघे बघ माझे."

"राहिलंय! मी तुला तिथे वाऱ्यात उभी करून गेले, आई. मी 'नको जाऊया' म्हणायला हवं होतं." आणि एवढं बोलून मी, सव्वीस वर्षांची घोडी, भोकाड पसरलं.

आईने फरसबी बाजूला सारली. मग म्हणाली, "मला मलिंगारलाच आठवलं होतं."

"काय?"

"पासपोर्ट. जाताना मलिंगारला डिझेल भरलं, तुम्ही दोघं आत गेलात. मी पर्समध्ये हात घातला तर नवा होता, जुना नव्हता. घर दीड तासावर होतं. श्री नेहमीसारखा पाच तास हातात ठेवून निघालेला. फिरलो असतो तर बोट आरामात मिळाली असती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. तुम्ही येऊन बसू देत म्हटलं. मग गाडी सुरू झाली, त्याने पुन्हा यादी वाचायला घेतली... म्हटलं, पुढच्या वळणावर सांगू. मग डब्लिन आलं. मग वाटलं, कुणी विचारलंच नाही तर? आणि विचारलं तर बरंच होईल, असंही वाटलं. खोटं कशाला बोलू?"

ती घरी गेलीच नव्हती. रॉसलेअरलाच एका बाईकडे खोली घेतली होती, समुद्रासमोर. पहिले दोन दिवस नुसती झोपली. मग रोज वाळूतून चालायची, भिजायची, टोस्ट आणि लाडू खायची, आणि संध्याकाळी आम्हाला फोन करायची. आमची बोट सकाळी यायची होती, म्हणून ही आदल्या दुपारी स्लायगोला पळाली.

मला इतका राग आला की मी उठून उभी राहिले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. पंधरा वर्षं मी झुरत होते, आणि ही बाई टोस्ट खात होती! "आमची आठवण तरी आली का तुला?"

"नाही गं," आई म्हणाली. "रात्रपाळी नाही, डबा नाही, श्रीच्या सूचना नाहीत. कुणीच आठवलं नाही." तिने एक शेंग उचलली, मोडली नाही, नुसती हातात धरून ठेवली. तिचे डोळे भरून आले होते, आणि रुग्णालयात इतकी वर्षं काढलेल्या माझ्या आईला मी बाबांच्या वेळीही असं पाहिलं नव्हतं.

"एकच आठवडा हवा होता गं मला एकटीला," ती म्हणाली. "हे एवढे सगळे नव्हते मागितले."