रुमालाखालचा हात

फळांच्या घाऊक बाजारात आम्ही जुनी माणसं अजून रुमालाखाली भाव करतो. दोघांचे हात एका रुमालाखाली जातात आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारच्याला पत्ता लागत नाही. साताऱ्याहून आलो तेव्हा मी पेट्या वाहत होतो. ही बोटांची भाषा मला कुणी शिकवली नाही, फसत फसत शिकलो आणि पुढे स्वतःचा गाळा केला.

देवाशीही मी असाच सौदा केला होता. आई आजारी पडली तेव्हा कुलदैवताला चांदीचं छत्र बोललो आणि ती बरी व्हायच्या आधीच वाहून टाकलं. नवस काम झाल्यावर फेडतात, हे घरातलं पोरही सांगेल. पण बाजारात टोकन दिलं की माल आपल्या नावावर राखून ठेवतात. छत्र वाहिल्यावर नवव्या दिवशी आई गेली. तेव्हापासून देवळाची पायरी चढलो नाही. टोकन घेऊन माल न देणाऱ्याशी मी पुन्हा बोलत नाही, मग तो कोणी का असेना.

यंदा बायकोच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, "आमच्या हातात आहे तेवढं करू."

"तेवढं म्हणजे किती? नीट सांगा की!" मी भडकलो.

ती स्ट्रेचरवरून म्हणाली, "अहो, त्यांच्याशी तरी घासाघीस करू नका." नर्स हसली. मग बायको हळूच म्हणाली, "खाली गणपतीचं देऊळ आहे. हवं तर भांडायला जा, पण जा."

गेलो. भरदुपारी जाळीचं दार बंद होतं. गजाला धरून मनातल्या मनात छत्राचं सगळं काढलं. मग काय काय देईन ते सांगू लागलो, एकेक वाढवत.

"शेट, दार चारला उघडतं," बाजूची हारवाली म्हणाली. "आणि हात कुनाला दाखवताय?"

खाली बघितलं. खांद्यावरचा रुमाल उजव्या हातावर आला होता आणि त्याखाली माझी बोटं गज दाबत होती. पलीकडे हात नव्हता.

रुमाल काढला आणि पायरीवर बसलो. जे देणार म्हणत होतो ते सगळं बायकोच्याच जिवावर उभं राहिलं होतं. "माझ्याकडे काही नाही," म्हटलं. "तिला सांभाळ." हातात काही न दाखवता मी आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. लाज वाटली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. ऑपरेशन झालं होतं, पण उद्यापर्यंत काही सांगता येत नव्हतं. या वेळी मी किती, काय, काही विचारलं नाही. पुन्हा खाली आलो. दार उघडं होतं.

"नवस बोलायचाय का?" पुजाऱ्याने विचारलं.

"नाही. नुसतं बसायचंय."

छत्राचा राग गेलेला नाही. तोही देवाला सांगितला. पण उठलो नाही. त्या संध्याकाळी जायला दुसरी जागाच नव्हती.