अंगठ्याचं नख

आधी शमीमआपाचं नाव लिहिते. मंग बाकीचं.

जाफराबादच्या शमीमआपानं मला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला, म्हणून मी दहावी झाले. शाळा सुटलेल्यांनी बाहेरून परीक्षा द्यायचा तो फॉर्म. असं काही असतं हेही मला ठाऊक नव्हतं. आपा स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. कापसाच्या बियाण्याच्या प्लॉटवर माझ्या शेजारच्या ओळीत काम करायची. ती नसती तर मी आज जालन्यात एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात नसते. आणि तिथं माझा अपमानही झाला नसता.

तो असा झाला.

कॉलेजच्या मागं थोडं रान आहे. त्यात कापसाच्या चार ओळी. भाद्रपदातली दुपार, संकराचं प्रात्यक्षिक. उद्या उमलणारी कळी आज सोलायची. म्हणजे पाकळ्यांसकट तिचे पुंकेसर काढून टाकायचे, मधली काडी तेवढी ठेवायची. वर लाल कागदाची टोपी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचं नर फूल आणून त्या काडीवर फिरवायचं. बोंड धरलं की संकर झाला.

आम्ही बावीस जण. प्रत्येकाला पाच कळ्या, पाच चिठ्ठ्या, एक चिमटा. चिठ्ठीवर तारीख आणि संकर करणाऱ्याचं नाव लिहून ती देठाला बांधायची.

मी चिमटा खिशात टाकला. अंगठ्याचं नख कळीच्या बुडाशी रोवलं, गोल फिरवलं, ओढलं. झाकण निघावं तशी कळी निघाली. काडीला धक्का न्हाई.

सर मागं उभे होते.

"नख दाखव."

दाखवलं. उजव्या अंगठ्याचं, एकच वाढवलेलं. वर्षानुवर्षांच्या रसानं पिवळं पडलेलं.

"एम.एस्सी.ला आलीस का वांगी तोडायला? काप हे. किळस येते."

आमच्या प्लॉटमालकाचा पोरगा माझ्याच वर्गात आहे. तो म्हणाला, "सर, ही आमच्याच प्लॉटवर होती. पप्पा म्हणतात, डोंगरातल्या पोरींची नखं चांगली चालतात."

चालतात. बैलाचे खूर चालतात तशी.

सगळे हसले. सरही हसले. "मग प्रश्नच मिटला. सगळ्यांच्या कळ्या हीच सोलंल. सकाळचं परागीकरण पण हीच करंल. तुम्ही रेकॉर्ड लिहून घ्या."

किळस आलेलं नख पाच मिनिटांत कामाला लागलं.

मी केलं. लिहायला लाज वाटते, पण केलं. एकवीस जणांच्या कळ्या सोलल्या, त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या. अंतर्गत गुण सरांच्या हातात. आणि मला सारखं वाटायचं, इथं बसू दिलं हेच लई झालं. माझं गाव धडगावच्या वर, सातपुड्यात. नववीत आश्रमशाळा सोडून मजुरांच्या टोळीबरोबर प्लॉटवर आल्ते. हंगाम संपला, टोळी परत गेली. मी तापानं पडलेली. आपानं आपल्या घरी ठेवून घेतलं. घरापासून इतक्या लांब आलेलं माणूस आधी हो म्हणतं, विचार नंतर करतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलं मोजकीच उमलली होती. मी सगळ्यांच्या कळ्या आधी केल्या, माझ्या पाच शेवटी ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं. प्लॉटवर तसंच असतं. पाणी, भाकरी, लघवीला जाणं, आपलं जे काही असेल ते ओळ संपल्यावर. ती सवय हातात मुरलेली. माझ्या कळ्यांपाशी आले तर नर फूल उरलं नव्हतं. शेवटची दोन फुलं पोरींनी फोटोसाठी केसांत खोवली होती. एक मागितलं.

"अगं, ते कोमेजलं आता."

आठ दिवसांत एकवीस जणांची बोंडं धरली. मालकाच्या पोराची पाचपैकी पाच. माझ्या पाचही कळ्या गळून पडल्या. सरांनी सगळ्यांसमोर वहीत शून्य लिहिलं.

"बघा. नुसत्या हातानं होत नाही. डोकं लागतं."

शनिवारी एसटीनं जाफराबादला गेले. आपा ओट्यावर लसूण सोलत बसल्ती. मी रडत सगळं सांगितलं. तिनं लसूण खाली ठेवला न्हाई.

"हात तेरा, अन् चिठ्ठी उनकी?"

मी ओढणीनं तोंड पुसलं.

"प्लॉटवर चिठ्ठीच नव्हती बेटा. म्हून मी कधी कुनाला काही विचारलं न्हाई. तुझ्याकडं तर चिठ्ठी हाये. तू काहून दुसऱ्याचं नाव लिवून राह्यली?"

मंग तिनंच विचारलं, "ते पिवळं भुरकं लावतो ना आपन, ते आत जाऊन करतं काय? तीस वर्षं लावून राह्यले. कुनी सांगितलंच न्हाई."

मी सांगितलं. म्हटलं, सूक्ष्मदर्शकाखाली त्या परागाचा एकेक कण गोल दिसतो. अंगावर काटे असतात.

"झूट," आपा म्हणाली आणि हसली.

मला हसू आलं न्हाई. तिच्या हातानं किती शेतांचं बियाणं झालं असेल. आणि तिला तो कण कुणी दाखवला नव्हता.

सोमवारी ग्रंथालयात गेले. सर ज्या पुस्तकातून शिकवतात तेच काढलं. कापसाच्या प्रकरणात एक चित्र होतं. हात, कळी, कळीच्या बुडाशी रोवलेलं अंगठ्याचं नख. खाली इंग्रजीत लिहिलेलं, शेतावर मोठ्या प्रमाणात काम करायला हीच पद्धत बरी, जल्दी होते. मी ते पान तीनदा वाचलं. म्हणजे सरांना माहीत होतं. नखाची किळस नव्हती. ते कुणाचं आहे, त्याची होती.

दुसऱ्या फेरीला सगळे पुन्हा रानात. सर म्हणाले, "चल, सुरू कर."

"मी माझ्या पाच सोलते सर."

"आणि बाकीच्यांच्या?"

"ज्याची चिठ्ठी, त्याची कळी."

"बघा सर," मालकाचा पोरगा म्हणाला, "एम.एस्सी. चढली हिला."

सर जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "गुण कुणाच्या हातात आहेत माहीत आहे ना?"

पिशवीत ते पुस्तक होतं, पानात खूण घालून. काढलं न्हाई. पुस्तकानं हो म्हटलं म्हणून माझं नख बराबर, असं मला सांगायचंच नव्हतं.

"माहीत आहे. शून्य द्या सर. पण माझ्याच कळ्यांचं द्या."

कुणी हसलं न्हाई. मी माझ्या पाच कळ्या सोलल्या, नखानंच. माझ्या नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या. सकाळी सगळ्यांच्या आधी रानात गेले, नर फुलं तोडली, पहिल्यांदा माझ्या कळ्यांवर फिरवली. उरलेली फुलं बांधावर ठेवली. ज्याला लागतील त्यानं घ्यावीत. बाकीच्यांच्या चिमट्यांनी निम्म्या काड्या आदल्या दिवशीच मोडल्या होत्या.

माझी चार बोंडं धरली. अंतर्गत गुण तरीही वर्गात सगळ्यात कमी मलाच मिळाले. गुण पुन्हा तपासा म्हणून मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. अजून उत्तर न्हाई. आले तेव्हापेक्षा आता जास्त भीती वाटते, कारण आता सगळे ओळखतात. पण दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी मी पुन्हा बांधणार न्हाई. नख कापलेलं न्हाई. कापणारही न्हाई.

आणि शमीमआपा, तुझं उरलंय. मी ही एम.एस्सी. पुरी करीन. एक दिवस तुला याच विभागात आणीन, मागच्या रानातून न्हाई, पुढच्या दारानं. सरांच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर बसवीन. सूक्ष्मदर्शक तुझ्या डोळ्यांच्या उंचीला लावीन. तो काटेरी कण तू स्वतः बघशील. कुणी विचारलं या कोण, तर तुझं नाव सांगीन. आणि म्हणीन, मला संकर करायला हिनं शिकवलं.