तुला काय वाटते, मावशी?

फोन आला तेव्हा मी गोंदियात बाइंडिंगच्या दुकानात उभी होते. एम.ए.चा प्रबंध बांधून तयार होता. विषय होता, आमच्या भागातली माणसं दुखणं कसं समजून घेतात आणि दवाखान्यात उशिरा का जातात. दुकानदार म्हणत होता, "मॅडम, सोनेरी अक्षर बराबर आया ना, देख लो." आणि फोनवर मावसभाऊ सुरेश एवढंच म्हणाला, "आई गेली."

त्याला आता दीड महिना झाला.

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्याचा मला गर्व होता, अजूनही आहे, खोटं कशाला बोलू. पण शांतामावशीला तो माझ्याहून जास्त. आमगावजवळच्या तिच्या गावात मी मुलाखती घ्यायला गेले तर तीच पुढे चालायची आणि दारोदार सांगायची, "माई भाची होय. बोला तिच्यासंग, लाजू नका." विषयाचं मात्र तिला हसू यायचं. "दुखन्याचीबी डिग्री भेटते का वं? आमी त फुकटच दुखून राहिलो."

शेवटी तिची मुलाखत घेतली. धानाची कापणी आटोपली होती. घरातल्या बांबूच्या ढोलीत नवं धान भरलेलं, आणि ढोलीला पाठ लावून ती बसलेली. बोलता बोलता म्हणाली, "आडवी झाली त दम दाटते. पोळ्यापासून इथंच बसून झोपून राहिली मी." मी भराभर लिहून घेतलं. मग तिनंच विचारलं, "तू शिकलेली होय, तूच सांग. दवाखान्यात जाऊ का?"

मुलाखतीत आपलं मत घालायचं नाही, हे आम्हाला वर्गात शिकवलेलं. जिवावरचं दिसलं तर वही मिटून आधी मदत करायची, हेही शिकवलेलं. पण मला त्यात जिवावरचं काही दिसलं नाही. चांगलं वाक्य दिसलं.

"तुला काय वाटते, मावशी?" मी विचारलं.

तिनं डोकं मागे ढोलीला टेकलं. "मले कायचं वाटते. वय झालं."

तेही मी लिहून घेतलं.

होळीनंतर तिचे पाय सुजले, तेव्हा सुरेशनं तिला गोंदियाला आणलं. डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय, आधी यायला हवं होतं. बसून कधीपासून झोपतात, असं त्यांनी विचारलं. सुरेशला सांगता येईना. मला येत होतं, वहीत लिहिलेलं होतं. मी खाली बघत राहिले.

बाहेर आल्यावर सुरेश म्हणाला, "मी चाल म्हनत होतो तिले. त म्हने, पोरीनं सारं लिहून नेलं, काही असतं त तिनं सांगितलं नसतं का?" त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

प्रबंधात ती 'उत्तरदाती क्रमांक सात' आहे. ढोलीच्या वाक्याखाली रेघ मारून गाईडनी बाजूला 'छान' लिहिलं होतं. उशीर का होतो, यावर माझं एक अख्खं प्रकरण आहे. त्यात मी कुठेच नाही. तिनं मला विचारलं होतं, हे सुरेशलाही मी अजून सांगितलेलं नाही. आता तो इथे वाचेल.

परवा गेले तेव्हा ढोली रिकामी झाली होती. बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर तेलाचा काळपट डाग. सुरेशची बायको शेणामातीचं घमेलं घेऊन उभी होती. "ताई, सारवून टाकू का राहू देऊ?"

तुम्हाला काय वाटते, हे अगदी ओठांवर आलं होतं...

"राहू द्या," मी म्हणाले.