ज्योतीचं राखीव सामान

फोन आला तेव्हा मी लोणखेड्यात, पपईच्या शेतात ठिबकची नळी जोडत होतो. गोव्याच्या दवाखान्यातला माणूस हळू आवाजात सांगत होता, की हेलिकॉप्टरनं तुमच्या बहिणीला आणलं, पण पोटात रक्तस्राव फार झाला होता... ज्योती गेली. काही आठवडे उलटले. मला अजून एका जागी बसवत नाही. जेवताना उठतो, शेतात जातो, तिथूनही परत फिरतो.

आमच्या घरात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. ज्योती नौदलात गेली, तिथे तिला शिडाच्या होडीचा नाद लागला, आणि नोकरी संपल्यावर तिनं स्वतःची होडी घेऊन एकटीनं लांबचे प्रवास सुरू केले. प्रत्येक वस्तूला ती राखीव जोड ठेवायची: सुकाणूचं चाक मोडलं तर लावायला लोखंडी दांडा, रेडिओ बंद पडला तर दुसरा, पंप बिघडला तर हातानं चालवायचा. घरी आली की हे सगळं ओट्यावर पसरून तपासत बसायची. माय विचारायची, "इतलं कसाले व?" ज्योती हसायची. "तठे दुकान नही ना, माय."

एकदा सुटीत तिनं मला तापीकाठच्या प्रकाशा गावी नेलं. तिथल्या बंधाऱ्यात एका होडीत मला बसवून तिनं जाड कपड्यांनिशी पाण्यात उडी टाकली. पडल्यावर एकटीला वर चढता येतं का, हे तिला बघायचं होतं. भिजलेले कपडे तिला खाली ओढत होते, होडीची कड पुन्हापुन्हा सुटत होती. मी वाकून हात पुढे केला, तशी ओरडली, "दादा, हात देऊ नको! तठे समुद्रात कोन शे?" शेवटी दोरीच्या फासात पाय अडकवून ती वर आली, धापा टाकत... आणि परत उडी मारायला उभी राहिली.

लक्षद्वीपहून परतताना वादळात डोलकाठी मोडून तिच्या अंगावर पडली. मोडक्या काठीनं होडीला भोक पडू नये म्हणून तिनं दोर कापून ती काठी समुद्रात सोडली, संकटाचा संदेश देणारं यंत्र सुरू केलं आणि उपग्रहावरून चालणाऱ्या फोनवरून मला सांगितलं, "दादा, होडी चांगली शे. सगळं चाली ऱ्हायनं. पोटले जरासं लागनं शे. मायले सांगू नको." यंत्र चाललं. हेलिकॉप्टर आलं. काय चुकलं, ते मी सारखं शोधतो... तिचं काहीच चुकलं नव्हतं, हेच डोक्यातून जात नाही.

गेल्या आठवड्यात होडीतलं सामान घरी आलं. त्यात तिचं दुसरं लाइफ जॅकेट होतं, न वापरलेलं, खाऱ्या हवेनं कडक झालेलं. मायनं ते धुवायला घेतलं. पाणी लागलं की ते आपोआप फुगतं, हे तिला कुठून माहीत असणार? न्हाणीतून फस्सकन आवाज आला आणि पाठोपाठ मायची हाक. धावत गेलो. जॅकेट तिच्या हातांत टम्म फुगलं होतं, माणसाच्या छातीएवढं. "देख रे, हाई श्वास ली ऱ्हायनं," माय म्हणाली, आणि तिनं ते उराशी धरलं.

हवा सोडायची मला हिंमत झाली नाही. ते ज्योतीच्या खोलीत खाटेवर ठेवलं आहे. जाता-येता हात लावून बघतो... दिवसेंदिवस सैल पडत चाललं आहे. तोंडानं हवा भरायला त्याला एक नळी असते. काल मी दार लोटून घेतलं, ती नळी ओठांत धरली आणि फुंकर मारली.