पंचवीस होड्या आणि एक रेघ

किस्से शाईच्या डागांसारखे. एक पुसायला जावं तर कोपराला दुसरा! मिरजोळ्याच्या शेडमध्ये मी मिथिलाताईंच्या प्रेसचं चाक फिरवतो, त्यामुळे माझ्या अंगावर दोन्ही भरपूर.

ताई चित्रकार. त्यांनी तांब्याच्या पत्र्यावर बुरोंडीची एक होडी कोरली. छापायच्या पंचवीसच प्रती, आणि प्रत्येकीत रंग हातानं भरायचा. "आबा, सगळ्या इथल्याच भिंतींवर लागल्या तर राहीन. नाहीतर मुंबईची नोकरी धरते."

ताई गेल्या तर मी छळू कोणाला?

*

शेजारच्या सुलूवहिनी प्रती बघायला आल्या. एकीखाली पेन्सिलीनं लिहिलेलं, ३/२५. म्हणजे पंचविसातली तिसरी. वहिनी हळहळल्या, "पंचवीसपैकी तीनच? एवढं राबून पोर नापास?"

मी म्हटलं, "मास्तर खडूस आहे हो!"

संध्याकाळी वहिनींनी ताईंसाठी गरम घावन पाठवले. समजूत म्हणून. मीच खाल्ले.

*

मग शेडमध्येच प्रदर्शन मांडलं. एक प्रोफेसर भिंग घेऊन आले. "पत्रा एकच, मग हिचं आभाळ जांभळं आणि हिचं पिवळं कसं?"

"जांभळं माझा चहा प्यायच्या आधीचं, साहेब. पिवळं नंतरचं!"

त्यांनी पिवळी घेतली. आणि चहाही मागितला!

*

चित्र विकलं की शेजारी लाल ठिपका लावायची पद्धत, असं ताईंनी सांगितलेलं. प्रोफेसरांनंतर ठिपका काही लागेना. ताई तोंड पाडून बसल्या. मी वहिनींकडून टिकल्यांचं पाकीट आणलं आणि सकाळी ताई यायच्या आत निम्म्या होड्यांना सवाष्ण केलं!

वस्तू दुसऱ्याची झाली की आम्हा रत्नागिरीकरांना तीच हवी. दुपारी एक डॉक्टरीणबाई हटून बसल्या, "मला टिकलीवालीच पाहिजे!"

ताईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी उगाच चाकाला तेल घालत बसलो. पण होड्या खरंच जायला लागल्या, आणि खऱ्या गेलेल्यांना लावायला टिकल्याच उरल्या नाहीत!

*

शेवटच्या दिवशी एकच प्रत उरली. ताईंची बॅग दाराशी.

प्रती छापून झाल्यावर पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो बाद करतात, म्हणजे पुन्हा कोणी छापू नये. रेघेसकट एक छाप पुरावा म्हणून भिंतीवर टांगलेला होता.

तेवढ्यात बुरोंडीहून जनूभाऊ आले. होडी त्यांचीच. उरलेल्या प्रतीपुढे जरा थांबले, नि रेघवालीकडे बोट केलं. "ताई, ही द्या."

"ती बाद आहे, जनूभाऊ. रेघ मारलीय बघा."

"रेघ? मला वाटला दोर! बाकीच्या मोकळ्याच सोडल्यात तुम्ही. व्हावून जातील की! हीच काय ती बांधलीय."

ताईंनी ब्रश घेतला, उरलेल्या प्रतीत होडीपासून काठापर्यंत काथ्याच्या रंगाचा दोर काढला. जनूभाऊंनी ती वाळेपर्यंत फुंकली आणि काखेत मारून नेली.

रेघवाली ताईंनी प्रेसच्या वर खिळा ठोकून लावली. मी खिशातून शेवटची, लपवून ठेवलेली टिकली काढली.

ताईंनी माझ्या हातावर चापट मारली. "तिला नको, आबा. ती कुठे जात नाही!"