हेडफोनात कोण चावत होतं?

माझ्या डाव्या कानात कोणीतरी तोंड उघडं ठेवून चावत होतं.

गाणं नव्हतं, खरखर नव्हती. चावणं होतं. ओलं, चपचप. मध्येच लाळ आत ओढल्याचा आवाज, आणि दाताखाली काच फुटावी तशी कचकच. मी हेडफोन ओढून काढला — मोहाच्या झाडाखाली सगळं शांत. फुलं तेवढी टपटप पडत होती. परत कानाला लावला... चपचप, कचकच.

कमरेचा वॉकमन पाहिला. कॅसेट संपून बटन कधीच वर आलेलं होतं. मशीन बंद होती.

आता कोणी म्हणेल, म्हातारी भुताखेतांची भक्त असेल. मी चौथी शिकलेली बाई आहे, पण असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. अंगात येणाऱ्या बाया घुमायला लागल्या, त्यांच्या तोंडाला फेस आला, की लोक पाया पडतात. मला ओंगळ वाटतं. मी उठून घरी जाते. म्हणून हे लिहिताना माझी मलाच चीड येते आहे. पण झालं ते झालं.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलाला लागून. ही गोष्ट नव्वद सालानंतरची, वॉकमन घरोघरी यायला लागले होते तेव्हाची. माझा मुलगा संजय घुग्घुसला कोळसा खाणीत कामाला. त्याने आपला जुना वॉकमन मला दिला. त्याच्याबरोबरचा हेडफोन जाड गादीचा, कान पूर्ण झाकणारा. त्यात त्याच्याबरोबर पाळीत काम करणाऱ्या चार पोरांचा घाम मुरलेला. नाकाजवळ नेला तर ओल्या मोज्याचा वास! मी म्हटलं, हा मी कानाला लावणार नाही, दुसरा घेऊन दे.

घुग्घुसच्या बाजारातल्या रेडिओवाल्याने अजून एक गादीवालाच पुढे केला.

"आजी, हा घ्या. बाहेरचा आवाज बिलकुल नाई येत."

"मग मले काय करायचा? मी मोहफुलं वेचाले जातो. अस्वल आलं तं ते काय चिठ्ठी पाठवीन?"

दुकानातली माणसं हसली. संजयला लाज वाटली. मग त्या माणसाने खालच्या खोक्यातून एक हलका, स्वस्तातला काढला. कानावर पातळ स्पंज, आणि मागून बंद नाही, नुसती जाळी.

"हा उघडा हाये. यातून बाहेरचं सगळं आत येते, अन् आतलं बाहेर जाते. तुमची गाणी सगळे ऐकतीन."

"ऐकू दे. फुकट ऐकतीन."

मी तो घातला, गाणं लावलं आणि संजयला रस्त्यावर उभं राहून हाक मारायला लावली. गाण्यातूनही त्याची हाक स्वच्छ आली. तोच घेतला.

आमच्याकडे मोहफुलं वेचताना बाया एका जागी बसत नाहीत. आपापल्या झाडाखाली असतात आणि थोड्या थोड्या वेळाने एकमेकींना हाक देतात. हाक आली की उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर टोपली टाकून धावायचं. कान झाकून तिथे चालत नाही.

हेडफोन चांगला निघाला, घाण मात्र फार. स्पंज खोबरेल तेल आणि घाम पिऊन चिकट व्हायचा. मग त्याचा काळा भुगा कानात, केसात, एकदा तर वरणात. नवा स्पंज लावायचा आणि जुना चुलीत टाकायचा, तर त्याचा धूर घशात बसायचा. तरी वापरत होते. झाडीपट्टीच्या नाटकातली गाणी ऐकत वाकून वेचलं की कंबर कमी दुखते.

तर त्या सकाळी कानात ते चावणं. मी पहिल्यांदा काय समजले सांगू? कौसल्या. माझी धाकटी जाऊ. नाल्यापलीकडे, डाव्या हाताला तिचं झाड. ती दिवसभर खर्रा चघळायची. सुपारी, तंबाखू, चुना — गाल फुगलेला, ओठाच्या कडेला लाल ओघळ. तिच्यासमोर बसून मला घास गिळवत नसे. मला वाटलं, ही मुद्दाम माझ्या मागे येऊन कानाशी चावते आहे. वळून पाहिलं, मागे कोणी नाही. हाक मारली तर ती नाल्यापलीकडूनच ओ म्हणाली.

तरी माझा राग गेला नाही. हेडफोन गळ्यात, काठी हातात, मी नाला ओलांडून गेले.

"कौसल्ये, थुक ते!"

"काय थुकू वं बाई?"

"माह्या कानाशी चावून राह्यली, अन् वरून मलेच इचारते?"

"मी इथून हाललीच नाई. तुह्या कानात तो डब्बा लटकवला ना, त्यानंच येडी झाली तू."

"तोंड उघड."

"दात मोजते का आता?"

पण उघडलं तिने. दाढ सुजलेली, हिरडीला पू आलेला, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. आत खर्रा नव्हता. सुपारीचं खांडही नव्हतं.

"चार दिवस झाले, पेज पिऊन राह्यली," ती म्हणाली. "चावाले दात तं पाह्यजे. पाह्यलं? झालं समाधान?"

मी तोंड वाकडं करून मागे सरले, आणि तिच्या पाठीमागची पळसाची झुडपं हलली.

अस्वल सरळ अंगावर आलं. कौसल्येने तोंड वाचवायला उजवा हात पुढे केला. त्याने तो कोपराच्या खाली धरला. आणि मी ऐकलं — चपचप, लाळ आत ओढली, कचकच. तिच्या बांगड्या त्याच्या दाताखाली फुटत होत्या. तोच आवाज. तसाच्या तसा, त्याच क्रमाने. फरक एवढाच की आता कौसल्या ओरडत होती. कानात ते ओरडणं नव्हतं.

मी काठी त्याच्या नाकावर घातली. किती वेळा ते माहीत नाही. शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. त्याचा वास अजून आठवतो. सडका, गोडूस, आंबलेल्या मोहासारखा. शेवटी त्याने हात सोडला आणि ते नाल्यात उतरून गेलं. लुगड्याचा पदर फाडून मी तिचा हात बांधला. मांसात काचेचे हिरवे तुकडे होते. ते मी बोटांनी काढले.

चंद्रपूरच्या दवाखान्यात संजय आला. मी त्याला सगळं सांगितलं.

"आई, सोपं आहे," तो म्हणाला. "हेडफोन उघडा होता. अस्वल आधीपासून झुडपात बसून फुलं खात होतं, त्याचा आवाज आत आला."

"अन् काढला तेव्हा काऊन नाई आला? उघड्या कानाले तं जास्त याले पाह्यजे."

"हवा फिरली असेल."

"हवा नव्हती. अन् फुलं खाताना बांगड्या फुटते का रे?"

त्याने दवाखान्याची चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाला, "तुला तसं वाटलं असेल."

मला वाटलं नव्हतं. बाहेरचा आवाज आत यावा म्हणूनच मी तो घेतला, हे मान्य. पण जे बाहेर अजून झालंच नव्हतं, ते आत कुठून आलं? रेडिओवाल्याला विचारलं, त्याने मशीन उघडून पाहिली, म्हणाला काही बिघाड नाही. नंतर तो हेडफोन मी पुष्कळ दिवस वापरला. गाणीच वाजली. पण डाव्या कानात काहीतरी ओलं आहे असं वाटून मी सारखी पदराने कान पुसायचे. अजून पुसते.

कोणाला कळलं असेल तर सांगा. मला कळलेलं नाही.

आम्ही दोघी वाचलो. कौसल्या डाव्या हाताने जेवते.